तीन होलांचा माळ

१० नोव्हेंबर २०२४, रविवार

काल हसनाबादला परत आलो. शीतलच्या बाळंतपणासाठी दोन महिने आम्हा नवरा-बायकोचं पुण्यात लेकीकडे राहणं झालं. नंदाला तिथं बसायला फुरसत नव्हती आणि मला बसण्याखेरीज काम नव्हतं. गॅलरीत खुर्ची टाकायची आणि खाली बघायचं. खाली गोल्फचं मैदान. सुरुवातीला वाटलं, ही धडधाकट माणसं एवढ्याशा बॉलमागं काय फिरतात! पंधरवड्यात माझी अवस्था अशी झाली की कुणाचा बॉल वाकडा गेला तर इथं माझ्या तोंडून "अर्रर्र" निघायचं.

सकाळी फिरायला जायचो तेव्हा मैदानाच्या भिंतीबाहेरच्या नाल्यात हरवलेले बॉल सापडायचे. ते गोळा केले, पिशवीभर झाले. जुन्या बाजारात एक स्टिकही मिळाली, खाली सात नंबर कोरलेला. विकणारा ती म्हाताऱ्याची काठी म्हणूनच विकत होता. मी खुलासा केला नाही.

नंदा म्हणाली, "लोक पुण्याहून बाकरवडी आणतेत."

एसटीत वाहतूक नियंत्रक म्हणून सारी नोकरी गेली. गाड्या वेळेवर सोडल्या, माइकवर पुकारा केला, चूक दिसली की लिहून ठेवली. निवृत्तीनंतर मला सोडायला एकही गाडी नाही. शीतलने ही डायरी दिली ती म्हणूनच. म्हणाली, "पप्पा, मनातलं लिहीत जा." मनातलं असं आहे की आपल्या वाट्याला आलेल्या माळावर, जिथं कुसळाशिवाय काही उगवत नाही, तिथं गोल्फ होऊ शकतो.

१४ नोव्हेंबर, गुरुवार

मुबारककडे गेल्तो. रस्त्यावरच्या वेल्डिंगच्या दुकानात तो आणि त्याचा मुलगा रिजवान. आम्ही दोघं शाळेत एका बाकावर होतो, तेव्हापासूनचं. सगळं ऐकून घेतलं त्याने. हसेल असं वाटलं होतं. पण सात नंबरची स्टिक हातात घेतली, डोळे मिटले आणि अंगठा फिरवत तिचं पातं चाचपत राहिला.

"अशा किती लागतेत?"

"श्रीमंतांकडं बारा-चौदा असतात. आपल्याला तीन पुरे."

"लोखंडच हाय ना? मंग होतंय. जल्दी नको करू."

ट्रॉलीचा तुटलेला पाटा कापून पातं, जुन्या लोखंडी खाटेचा पाइप दांडीला, मुठीवर सायकलची ट्यूब. वेल्डिंग मात्र रिजवानला करायला लावलं. "पोराला शिकू दे," म्हणाला. स्वतः शेजारी बसून जोडावरून बोट फिरवायचा आणि "हितं पोकळ हाय, पुन्हा मार" सांगायचा. मुबारकचा हात साऱ्या तालुक्यात नावाजलेला. आता साहेब झालाय, बसून हुकूम सोडतो.

१ डिसेंबर, रविवार

कापूस वेचणीमुळे मजूर मिळेना, म्हणून माळ आम्हीच साफ केला. दगड उचलून कडेला रचले. होल तीनच. पेंटचे रिकामे डबे जमिनीत पुरले, शेजारी सळई, सळईला नंदाच्या जुन्या लुगड्याची चिंधी.

आता प्रश्न डब्याभोवतीच्या गवताचा. पुण्यात तिथं गालिच्यासारखं हिरवं असतं. इथं प्यायला टँकर. दोन दिवस डोकं खाल्लं. शेवटी नंदाच म्हणाली, "बॉल घरंगळायला गुळगुळीतच पायजे ना? मंग सारवा की." आणि वर, "अंगणात फरशी बसवून घेतली अन् आता माळ सारवायचं आलं माझ्या नशिबी!" बोलली, पण आली. मुबारकची बायको, जन्नतभाभीपण आली. माती चोपून, चाळून, वरून शेणाचा हात. वाळल्यावर बॉल सोडला तर कॅरमच्या सोंगटीसारखा गेला.

८ डिसेंबर, रविवार

आज पहिला खेळ. माझे पहिले चार फटके मातीतच. स्टिक जमिनीवर आपटून मनगटाला झिणझिण्या आल्या. मग मुबारक उभा राहिला. ओल्या काळ्या मातीची गोळी करून त्यावर बॉल ठेवला, मान खाली घातली आणि मारला. टक्! असा आवाज मी गॅलरीतूनसुद्धा ऐकला नव्हता. बॉल थेट दुसऱ्या बांधापर्यंत.

"मुबारक, काय मारलास रे!" मी ओरडलो.

तो खाली मान घालूनच उभा. "हाताला बराबर लागला," एवढंच.

एक मात्र खोड आहे. मारून झालं की दगडावर बसून राहतो. बॉल शोधायला येत नाही. "मारायचा मी, हुडकायचा तू. बिलकुल बराबर वाटणी." आळशीपणा, दुसरं काय? शिवाय धांदरट झालाय वयानं. त्यानेच ठोकलेल्या सळईला दोनदा अडखळला.

१९ डिसेंबर, गुरुवार

आता रोज जातो. गाव हसतं. पारावर कुणीतरी म्हणालं, मच्छिंद्र अन् मुबारक विटी हरवून दांडू घेऊन फिरतेत. हसू देत. मला रात्री झोप लागायला लागली आहे.

मी म्हटलं संध्याकाळीही खेळू, गार असतं. मुबारक नको म्हणतो. संध्याकाळी दुकानात गर्दी असते म्हणे. काल मुद्दाम संध्याकाळी तिकडून गेलो, तर मुबारक कट्ट्यावर नुसता बसलेला, काम रिजवान करतोय. मी रस्त्यावरून हात केला तर त्याने केला नाही. माझ्याशी खोटं बोलायची काय गरज? खेळायचं नसेल तर सरळ सांगावं.

५ जानेवारी २०२५, रविवार

खताच्या दुकानाचा कल्याण माळावर आला होता. पूर्वी पंचायतीत होता, आता कुठंही गर्दी दिसली की पुढं. दोन-चार फटके मारले, जमलं त्याला. म्हणाला, "काका, स्पर्धा घ्या की. बक्षीस माझ्याकडून." कंपनीकडून आलेलं भिंतीवरचं घड्याळ आहे म्हणे.

मी लगेच हो म्हटलं. सव्वीस जानेवारी, शाळेचं झेंडावंदन झाल्यावर. मोबाइलवर नियम बघून ठेवतो आहे. खेळ साधा असला तरी नियमाने झाला पाहिजे. मुबारकला सांगितलं तर त्याने विचारलं, "लोक येतील काय बघायला?" मी म्हटलं, येऊ देत, तूच जिंकणार. त्याचं तोंड काही खुललं नाही.

२६ जानेवारी, रविवार

आजचं आजच लिहितो.

माळावर पन्नासेक माणसं जमली. मंडळाचा माइक आणला होता, पुकारा मीच केला. किती दिवसांनी! खेळणारे सहा. मी सकाळीच प्रत्येकाच्या बॉलवर स्केचपेनने ठिपका दिला. माझा लाल, मुबारकचा निळा, कल्याणचा काळा, असं. पहिल्या दोन होलांनंतर मुबारक सगळ्यांच्या पुढं, त्याच्यामागं मी, मग कल्याण.

तिसऱ्या होलला माझा आणि मुबारकचा बॉल जवळजवळ पडले, माझा डब्याच्या जास्त जवळ. मुबारक पुढं झाला, खाली वाकला आणि हळूच ढकलला. सारवणावरून सरळ डब्यात. टाळ्या पडल्या. मी डब्यात हात घालून बॉल काढला. लाल ठिपका.

"हा माझा बॉल आहे," मी म्हटलं.

"आँ? चुकून झालं असंल मंग."

"चुकून? एवढा ठळक ठिपका! दिसत नव्हता काय तुला?"

सगळे बघत होते. रिजवान पुढं येत होता, मुबारकने त्याला हातानेच थांबवलं. मग माझ्याकडं सरळ बघत म्हणाला, "दिसत होता. दिसत होता अन् मारला. तुला काय करायचं ते कर."

चूक झाली म्हणाला असता तर नियमाप्रमाणे दोन फटके दंड लावून सोडलं असतं. पण हे काय? मी माइकवर गेलो. "मुबारक शेख स्पर्धेतून बाद. बेइमानी या माळावर चालणार नाही." माझा आवाज माझ्याच कानात घुमला.

तेवढ्यात कल्याण हसला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलला, "ह्या लोकांवर भरवसाच ठेवू नये, काका."

मुबारक रिजवानच्या खांद्यावर हात ठेवून निघून गेला. पहिला नंबर माझा आला. घड्याळ घेऊन घरी आलो.

२७ जानेवारी, सोमवार

मी चुकलो नाही. पुन्हापुन्हा विचार केला. त्याने स्वतःच्या तोंडाने कबूल केलं. नियम सगळ्यांना सारखा. मित्र म्हणून सोडलं असतं तर लोक काय म्हणाले असते?

कल्याण जे बोलला ते वाईट होतं. पण ते मी बोललो नाही.

नंदा सकाळपासून माझ्याशी कामापुरतं बोलते. घड्याळ भिंतीवर लावू का विचारलं, तर "तुमचं हाय, तुम्ही बघा" म्हणाली. ते खोक्यातच आहे.

४ फेब्रुवारी, मंगळवार

आज रस्त्यात मुबारक समोरून आला. मी डावीकडून चाललो होतो. मनाशी ठरवलं होतं, तो बोलला तर बोलायचं. हात लांबवला तर लागेल इतक्या जवळून गेला. थांबला नाही, मान वळवली नाही, जणू मी तिथं नाहीच. इतका माज! चोरी त्याची आणि रुसवाही त्याचाच.

माळावर एकटा जाऊन आलो. एकट्याने खेळण्यात काही नाही. चांगला लागला तर सांगायला कुणी नसतं.

९ फेब्रुवारी, रविवार

नंदा दुपारी जन्नतभाभीकडे गेल्ती. पुरुषांचं भांडण पुरुषांपाशी, असं म्हणून गेली. परत आली ती डोळे लाल. डोक्यावरचा पदर न काढता ओट्यावरच बसली.

"मुबारकभाईला दिसत न्हाई," म्हणाली.

"म्हणजे?"

"काचबिंदू. गेल्या वर्षीच जालन्याच्या डॉक्टरनं सांगितलं. पाइपातून बघावं तसं समोरचं तेवढं दिसतंय, बाजूचं सगळं गेलं. गेलं ते परत येत न्हाई. औषध टाकून राहिलेलं टिकवायचं. सांज झाली की समोरचं बी अंधुक."

मग नंदाच म्हणाली, "रोज संगं खेळत होते तुम्ही. एकदा बी कळलं न्हाई?"

माझ्या डोळ्यासमोर रस्ता आला. मी डावीकडून चाललो होतो.

पण मग "दिसत होता" का म्हणाला? सगळ्या गावासमोर स्वतःला चोर म्हणवून घेतलं. हे कोडं मला सुटत नाही. उद्या जातो.

१० फेब्रुवारी, सोमवार

मुबारक दुकानात स्टुलावर होता. मी बरोबर त्याच्या समोर जाऊन उभा राहिलो.

"ये मच्छू," म्हणाला. "उठत न्हाई म्हणून राग मानू नको. डोळ्याचं सोड, गुडघे बी गेलेत."

म्हणजे बायकांचं बोलणं त्याला कळलं होतं. रिजवान चहा आणायला गेला. मी म्हटलं, "मला सांगायचं होतंस."

"कुणाला, तुला? तू माइकवर सांगितलं असतंस."

मी खाली बघितलं.

"हसून राह्यलो रे," तो म्हणाला. मग हसणं थांबवून, "आंधळ्यानं जोडलेल्या ट्रॉलीत मका कोण भरंल? रिजवानचा हात आता कुठं बसून राह्यला. लोक अजून माझ्या नावावर काम देतेत. त्याच्या नावावर द्यायला लागूस्तोवर गप राहायचं ठरवल्तं. अन् तू पन्नास माणसांत विचारतोस, दिसत नव्हता काय. काय सांगू मंग? चोर म्हणलेलं चार दिवसांत विसरतेत. आंधळा म्हणलेलं न्हाई विसरत."

"माझ्या कानात तरी सांगायचं, पहिल्या दिवशी."

"तू मला घरी बसवलं असतंस. आराम कर म्हणला असतास." त्याने हाताने स्टिक धरल्यासारखं केलं. "पायाजवळचा पांढरा बॉल तेवढा मला चांगला दिसतो, ठिपक्याचा रंग न्हाई कळत. मारला की कसा बसला ते हाताला कळतंय. दुकानात हात लावायची भीती वाटती आता. माळावर न्हाई वाटत."

चहा आला. मी न राहवून कल्याणचं काढलं. म्हटलं, तो तसं बोलायला नको होता.

"त्याचं काय, ते ऐकून कान पिकले," मुबारक म्हणाला. "पण तो बोलला तेव्हा मी तुझ्याकडं बघत होतो. तू समोरच होतास. तू मान खाली घातलीस. तेवढं मला बराबर दिसलं."

चहाचा कप खाली ठेवला. माफी मागितली. "हौ, बस झालं," म्हणून त्याने विषय बदलला. पण घरी आल्यावरही मान खाली घातल्याचं ते वाक्य मनातून जाईना. माफी मी चार भिंतींत मागितली. बाद मात्र माइकवर केलं होतं.

१२ फेब्रुवारी, बुधवार

दोन दिवस एकच विचार. खरं सांगितलं तर मुबारकचं दुकान जातं. नाही सांगितलं तर तो चोर ठरतो. नियमाचं पुस्तक यात काही मदत करत नाही.

आज सकाळी कल्याणच्या दुकानात गेलो. खताला आलेली आठ-दहा माणसं होती, तीच वेळ बघून गेलो. घड्याळाचं खोकं काउंटरवर ठेवलं.

"हे मुबारकचं आहे. लाल ठिपक्याचा बॉल त्याचाच होता. सकाळी मीच त्याला लाल सांगितला अन् मीच विसरलो. चूक माझी."

आयुष्यात इतक्या लोकांसमोर इतकं धडधडीत खोटं मी कधी बोललो नव्हतो. जीभ अडखळेल असं वाटलं होतं. अडखळली नाही.

कल्याणने भुवया वर केल्या. "मंग तो दिसत होता, मारला, असं कामून म्हणला?"

"त्याला त्याचाच बॉल दिसत होता. चारचौघांत मला खोटं पाडायचं नव्हतं त्याला. मी मात्र त्याला पाडलं." मग जे त्या दिवशी बोलायचं राहिलं ते बोललो. "अन् कल्याण, ह्या लोकांवर म्हणालास. मी हसलो नाही, पण गप्प राहिलो. आज सांगतो, मी ज्या माणसावर आयुष्यभर भरवसा ठेवला तो ह्या लोकांतलाच आहे. पुन्हा तसं बोलायचं असेल तर माझ्या माळावर येऊ नको."

कल्याण लाल झाला. पावतीपुस्तक उघडत म्हणाला, "गंमतीत बोललो होतो, काका." मी म्हटलं, "मला गंमत वाटली नाही," आणि खोकं काखेत मारून निघालो.

१३ फेब्रुवारी, गुरुवार

बातमी माझ्याआधी मुबारककडे पोचली. सकाळी रिजवानच्या मोटारसायकलवर बसून घरी आला. दारातूनच, "वहिनी, तुमचे नियंत्रक खोटं बोलून राह्यले गावात!"

नंदा म्हणाली, "पहिल्यांदाच कामाचं बोलले."

घड्याळ पुढं केलं तर घेईना. "तुझ्याच घरी लाव. मला टाइम विचारायला यायचं निमित्त." भिंतीवर खिळा नंदानेच ठोकला.

१० मार्च, सोमवार

रमजान सुरू झालाय. मुबारक रोजे धरतो, तरी पहाटेचं खाणं, सहरी, आणि नमाज आटोपून ऊन चढायच्या आत येतो. दोनच फटके मारतो, घसा कोरडा नको म्हणून. पुण्याहून शीतलने फोनवर सांगितलं की दृष्टी नसलेली माणसंही गोल्फ खेळतात. त्यांच्यासोबत एक माणूस असतो. तो बॉलमागं स्टिक टेकवून देतो, दिशा सांगतो. नियमात बसतं.

मुबारकला सांगितलं. "मंग तुला पगार किती?" म्हणाला. पण दुसऱ्या दिवशी स्वतःच विचारलं, "तो माणूस उभा कुठं राहतो?" मी त्याच्या मागं उभा राहून दाखवलं.

२ एप्रिल, बुधवार

परवा ईद झाली. शिरखुर्मा खायला गेलो तर मुबारकने एक वेगळीच गोष्ट सांगितली. ईदगाहवरून येताना त्याने स्वतःच चार लोकांना सांगून टाकलं की मला दिसत नाही, काम आता रिजवान करतो. "गावाला किती दिवस फसवू? अन् माझ्यापायी तू बी फसवायला लागलास."

लगेच परिणाम झाला. एकाने ट्रॉलीचं काम परत नेलं. पण शाळेने गेटचं काम दिलं आणि पावतीवर नाव रिजवानचं घातलं. माझं खोटंही उघडं पडलं. पारावर आज कुणीतरी विचारलं, "काका, आमच्या बॉलला कोणता ठिपका?" सगळे हसले. कल्याणही होता तिथं. तो हसला नाही. मला जागा करून दिली.

सकाळी माळावर गेलो होतो. ऊन कडक, वारा कसा तो नाही. काळ्या मातीवर बॉल ठेवला, मुबारकच्या स्टिकचं पातं बॉलमागं टेकवून दिलं, झेंडा कुठं ते सांगितलं. त्याने मारला. आवाज नेहमीसारखा नव्हता. बॉल डावीकडं वळला आणि बांधावरच्या बाभळीत गेला.

तो उभा, कान माझ्याकडं. झेंड्याजवळ पडला म्हणावं, असं जिभेवर आलं होतं. त्याला काय कळणार होतं? हाताला कळलेलंच होतं, हे नंतर सुचलं.

"बाभळीत गेला," मी म्हटलं. "काटे आहेत. फटका वाया."

त्याचा सगळा चेहरा उघडला. "लागलाच न्हाई तो नीट. चल, हुडकू."

आज पहिल्यांदाच तो दगडावर बसला नाही. मी हात पुढं केला, त्याने बाजूला सारला. बांधावर दोन पोरं शेळ्या चारत होती, त्यांच्यासमोर हात धरून चालायला तो तयार नव्हता. मग मी पुढं झालो आणि त्याला कळावं म्हणून चपला जरा जोरात आपटत बाभळीकडं निघालो.